लिंबाची फुलं

तीन दिवसांनी पाणी उतरलं.
विश्वामित्री आपल्या पात्रात परत गेली
आणि जाताना कारेलीबागेत, आमच्या जिन्याखाली,
जिनलची सायकल ठेवून गेली.
ठेवून म्हणजे, होती तिथेच. गजाला कुलूप लावलेली.
फक्त सीट, दांडा, टोपली, सगळं आता एकाच मातीचं,
कुणी साच्यातून काढल्यासारखं.

भंगारवाला ऐंशी म्हणाला.
जिनलचे पप्पा म्हणाले, सो आप.
मी वरून ओरडले, थांबा.
का, ते विचारू नका.
मला सायकल येत नाही.

बादली, मग, धुण्याची पावडर अर्धी मूठ,
ह्यांचा जुना गंजीफ्रॉक,
ज्याला हे अजून नवा म्हणतात.
पहिलं पाणी खिरीसारखं गेलं,
दुसरं चहासारखं.
सातव्यात बादलीचा तळ दिसला.

मडगार्ड हा शब्द आयुष्यभर ऐकला
आणि काल कळला:
त्याच्या पोटात चिखलाची चार बोटं जाड वडी,
नीट राखून ठेवलेली.
उलथन्याच्या टोकानं खरवडली तेव्हा वास आला.
नदीचा नव्हे.
डिझेल, हळद, भिजलेल्या वह्या,
सगळ्यांच्या घरांचा एकत्र.

रिमवर गंज.
समोरच्या गॅलरीतून रसिलाबेन:
"कुमुदबेन, लींबुना फूल लगाडो!"

माहेर माझं कराडकडचं.
लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी
लिंबाची फुलं आणायला धाडलं,
आणि मी अर्धा तास लोकांच्या कुंपणांतून
झाडं शोधत हिंडले होते.
फुलं नसतातच ती. खडे असतात मिठासारखे,
गांध्याच्या दुकानात पुडीत मिळतात,
ढोकळ्याला, डाळीला,
आणि गंजाला, हे मला चाळीस वर्षांनी कळलं.
कोमट पाण्यात दोन चमचे.
चिंध्या भिजवून रिमवर घातल्या,
तापलेल्या कपाळावर घालतात तशा,
मिठाच्या पाण्याऐवजी आंबटाच्या.
गंज नारिंगी होऊन ओघळत गेला.
भेंडी चिरताना कापलेलं बोट मात्र
रात्रीपर्यंत झोंबत राहिलं.

आऱ्यांना ह्यांचा दातांचा ब्रश.
जुना समजून घेतला होता.
छत्तीस आरे हवेत म्हणे, मागच्या चाकात चौतीस भरले.
ह्यांच्या तोंडात त्याहून कमी आहेत, म्हणून
ब्रशाचं फार मनावर घेतलं नाही त्यांनी.

टोपलीखाली नेलपॉलिशनं लिहिलेलं निघालं:
जिनल, आठवी ब.
त्याच्याखाली, दुसऱ्या रंगात: नो टच.
सोडा घेऊन सगळीकडे फिरले,
तेवढी जागा सोडली.

घंटी उघडली. आत एक गोगलगाय,
म्हणजे नुसता शंख.
पुसून बसवली. वाजली,
सर्दी झालेल्या माणसासारखी.

राहिली साखळी. तिला शिवणयंत्राचं तेल लागतं.
पण शिवणयंत्र खालच्या खोलीत होतं,
आणि तेल त्याच्या खणात.
मग खोबरेल. घरात वरती होतं ते तेवढंच.
सायकल उलटी करून पायडल हातानं फिरवलं.
चाक असं सुटलं,
थेंब भिंतीवर, चष्म्यावर, तोंडात,
आणि मी एकसष्ट वर्षांची बाई
हात काढायला तयार नाही.

आज सकाळी जिनल दारात.
वाटलं, थँक्यू म्हणेल.
"मासी, साखळीला काय लावलंत?"

खाली जाऊन बघते तर
भिंतीवरच्या पुराच्या रेघेखालून,
फटीतून, पायरीवरून,
थेट पायडलपर्यंत
मुंग्यांची रांग.
पाणी उतरल्यापासून ह्या पहिल्याच.
कुठे होत्या इतके दिवस, कुणास ठाऊक.

जिनल वाकून फुंकर घालणार होती.
मी म्हटलं, थांब जरा.